निळ्या धाग्यांची मोजदाद

दोन थेंब रक्त, दोन थेंब न्यू मिथिलीन ब्लू. लहान टेस्टट्यूबमध्ये एकत्र करायचं, टिचकी मारून हलवायचं आणि ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये १५-२० मिनिटं ठेवून द्यायचं. मग पुन्हा हलवून त्यातला थेंब काचेवर घ्यायचा, दुसऱ्या काचेच्या कडेने पुढे ओढायचा, वाळू द्यायचा आणि तेलाचा थेंब टाकून १०० च्या लेन्सखाली बघायचं. फिकट हिरवट-निळ्या चकत्या एकमेकींना खेटून पसरलेल्या दिसतात. या तांबड्या पेशी. बहुतेक कोऱ्या. मधेच एखादीच्या पोटात गर्द निळे ठिपके, तुटके धागे, नाहीतर सुताचा गुंता पडावा तसं जाळं. ती रेटिक्युलोसाइट. आम्ही लॅबवाले नुसतं ‘रेटिक’ म्हणतो. हजार पेशी मोजायच्या, त्यांत जाळ्याच्या किती निघाल्या ते टिपायचं, दहाने भागायचं आणि रिपोर्टवर टक्के लिहायचे. धडधाकट मोठ्या माणसात हा आकडा साधारण अर्धा ते अडीच टक्के असतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी हे काम पंचवीसेक वर्षं केलं. आमच्या भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ, बाळंतपणातल्या रक्तक्षयाच्या बायका पुष्कळ. त्यामुळे रेटिक रोजचंच. पण पहिली अकरा वर्षं मी हे धागे मोजत होते आणि ते धागे कशाचे आहेत हे मला ठाऊक नव्हतं. डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या पदविकेला, शिकवलं असणार, परीक्षेत मी लिहिलंही असेल. डोक्यात मात्र इतकंच उरलं होतं की जाळं म्हणजे कोवळी पेशी, जाळं नाही म्हणजे पिकलेली. तेवढ्यावर काम भागत होतं.

एका मे महिन्याच्या दुपारी लाइट गेली. मशीन बंद, सेंट्रिफ्यूज बंद, बाहेर ऊन असं की कुत्रं रस्त्यावर येईना. रंगाची नवी बाटली आली होती. तिच्या खोक्यातला घडी घातलेला कागद मी वेळ घालवायला उघडला. बारीक टायपात एक वाक्य होतं. त्याचा अर्थ असा की हा रंग पेशीत शिल्लक राहिलेल्या आरएनएला चिकटतो आणि त्याचा साका बसतो, तोच जाळ्यासारखा दिसतो. ते वाक्य मी खिडकीशी जाऊन पुन्हा वाचलं. आरएनए म्हणजे दूरच्या शहरातल्या मोठ्या संस्थांतली, उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधली वस्तू अशी माझी समजूत होती. आणि इथे पत्र्याच्या छपराखाली, साध्या मायक्रोस्कोपखाली, मी रोज तोच मोजत होते. त्या दिवसापासून रेटिकची स्लाइड लावताना माझा हात थोडा हळू झाला.

त्यानंतर मी मिळेल ते वाचत गेले. मुलीची बारावीची पुस्तकं, पुढे तिच्या मोबाइलवरचे लेख, डॉक्टरांच्या टेबलावरची जाडजूड पुस्तकं. या सगळ्याचा एकच रस्ता माझ्यासाठी पक्का झाला. आरएनए समजून घ्यायचा तर रेटिकपासूनच. कारण आरएनए काय करतो हे जितकं त्या एका पेशीत उघडं पडतं तितकं दुसरीकडे कुठे पडत नसेल.

ही पेशी जन्मते हाडांच्या आतल्या मज्जेत. सुरुवातीला तिला इतर पेशींसारखंच केंद्रक असतं, त्यात सगळा डीएनए. तांबडी होत होत ती लहान होते, केंद्रक आवळत जातं, आणि एक वेळ अशी येते की पेशी आपलं केंद्रकच बाहेर ढकलून देते. शेजारची मोठी भक्षक पेशी ते गिळून टाकते. आता या पेशीत डीएनएचा ताव उरलेला नाही. ज्याला आपण शरीराचं मूळ दप्तर म्हणतो ते गेलं. तरी पेशीचं काम थांबत नाही. यानंतरही दोन-तीन दिवस मज्जेत आणि पुढे साधारण एक दिवस वाहत्या रक्तात ती हिमोग्लोबिन बनवत राहते. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. त्यांतले पाचव्या हिश्श्याहून अधिक या केंद्रक गेल्यानंतरच्या काळात घडतात. कशाच्या आधाराने? केंद्रक जाण्याआधी जे निरोप लिहून बाहेर आले होते त्यांच्या. ते निरोप म्हणजे आरएनए, आणि ते वाचून प्रथिन विणणारी यंत्रंही मुख्यतः आरएनएचीच.

हे वाचलं तेव्हा मला आजीची आठवण झाली. आमची शेती झाडीपट्टीतली, धानाची. आजी गेली ते रोवणीच्या दिवसांत. आदल्या रात्री तिने खाटेवर पडूनच सांगून ठेवलं होतं, कोणत्या बांधीत, म्हणजे शेताच्या तुकड्यात, कोणतं पऱ्हं, म्हणजे धानाची रोपं, न्यायचं, बोडीचं, म्हणजे शेततळ्याचं, पाणी आधी कुठे सोडायचं. पहाटे ती गेली. पावसाची उघडीप होती, पऱ्हं उपटून ठेवलेलं होतं, वाळून गेलं असतं. तिला पोचवून आल्यावर दुपारी बाया बांधीत उतरल्या आणि तिने सांगितलं होतं तसं शेवटच्या ओळीपर्यंत रोवलं. सांगणारी नव्हती, सांगणं होतं. दुसऱ्या दिवशीचं मात्र कुणालाच माहीत नव्हतं, कारण ते तिने सांगितलं नव्हतं. रेटिकचं तसंच आहे. जेवढे निरोप, तेवढे दिवस.

आता हा निरोप तयार कसा होतो ते बघा. हिमोग्लोबिनमध्ये ग्लोबिन नावाच्या प्रथिनाच्या दोन जातींच्या साखळ्या असतात, अल्फा आणि बीटा. बीटाची मूळ नोंद ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर, सुमारे १६०० अक्षरांची. सातबाऱ्याचं मूळ रजिस्टर कुणी घरी नेऊ देत नाही, नक्कल काढून देतात. तसं केंद्रकातून डीएनए बाहेर जात नाही, त्याची आरएनएमध्ये नक्कल निघते. भाषा जवळजवळ तीच. डीएनएत ए, टी, जी, सी ही चार अक्षरं. आरएनएत टीच्या जागी यू. डीएनए दुपेडी, आरएनए बहुधा एकपदरी. आणि साखरेच्या कडीवर एक ऑक्सिजन जास्त. ‘डीऑक्सी’ या शब्दाचा अर्थच ऑक्सिजन काढून घेतलेला. त्या एका ऑक्सिजनने पुढे बरंच काही घडतं, त्याकडे नंतर येते.

नक्कल निघाली की ती लगेच बाहेर जात नाही. १६०० अक्षरांतले मधले दोन लांब तुकडे कापून काढले जातात आणि उरलेलं सांधलं जातं. उरतात ६०० च्या आसपास अक्षरं. जनुकांत असे कापून टाकायचे तुकडे असतात हे १९७७ साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्‌स यांनी सर्दीच्या एका विषाणूवर काम करताना दाखवलं आणि जीवशास्त्रज्ञ चक्रावले. टाकायचंच होतं तर लिहिलं कशाला? पण ही कात्री किती महत्त्वाची आहे हे थॅलेसेमियाच्या, म्हणजे हिमोग्लोबिन पुरेसं न बनण्याच्या आनुवंशिक आजाराच्या, मुलांकडे बघून कळतं. भारतात बीटा थॅलेसेमियाचा जो बदल सर्वाधिक आढळतो तो या टाकाऊ भागातला आहे. पहिल्या टाकाऊ तुकड्यातलं पाचवं अक्षर, जीच्या जागी सी. प्रथिनात ज्याचा मागमूस राहणार नाही असं एक अक्षर. पण कात्री कुठे चालवायची ही खूणच त्याने पुसट होते, कापणी चुकीच्या जागी होते आणि धड निरोप फार थोडे तयार होतात. दर काही आठवड्यांनी रक्त चढवायला येणारी ती मुलं, हातावर सुयांच्या खुणा असलेली, माझ्या डोळ्यांपुढे येतात. फेकून द्यायच्या चिंधीतला एक टाका.

कापून सांधलेल्या निरोपाच्या डोक्यावर एक रासायनिक टोपी बसते, मागे ए-ए-ए-ए अशी लांबलचक शेपटी लागते, आणि केंद्रकाच्या छिद्रातून तो बाहेर पडतो. बाहेर रायबोसोम असतात, म्हणजे प्रथिन विणणारी ती यंत्रं. रायबोसोम निरोप पकडतो आणि तीन-तीन अक्षरं वाचत सरकतो. प्रत्येक तीन अक्षरांना एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या माळेतला एक मणी. ते आणून देणारा वेगळा, लहानसा आरएनए असतो, त्याला वाहक आरएनए म्हणतात. त्याच्या एका टोकाला तीन अक्षरांची जुळणी, दुसऱ्या टोकाला योग्य ते अमिनो आम्ल. असा एक वाहक पहिल्यांदा अक्षर-न्-अक्षर वाचला रॉबर्ट हॉली यांनी, १९६५ मध्ये. त्यासाठी त्यांच्या गटाने १४० किलो यीस्ट घेतलं आणि त्यातून जेमतेम एक ग्रॅम माल हाती लागला. वाचलेली अक्षरं ७७. मला अशा आकड्यांचं फार अप्रूप आहे. प्रयोगशाळेत राबलेल्या माणसालाच १४० किलो आणि ७७ अक्षरं या दोहोंमधलं अंतर पावलापावलाने कळतं.

कोणत्या तीन अक्षरांना कोणतं अमिनो आम्ल, हा कोश त्याच दशकात उलगडला. १९६१ मध्ये अमेरिकेत मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी नुसत्या यू-यू-यू अक्षरांचा आरएनए पेशीच्या अर्कात टाकला आणि एकाच अमिनो आम्लाची साखळी मिळाली. पुढची बरीच अक्षरं हरगोबिंद खोराना यांनी हाताने आरएनए जोडून जोडून सोडवली. खोरानांचा जन्म आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातल्या रायपूर नावाच्या खेड्यात झाला. वडील पटवारी, म्हणजे आपल्याकडचे तलाठी. शंभरेक माणसांच्या त्या गावात लिहिता-वाचता येणारं जवळपास हे एकच घर. सुरुवातीचं शिक्षण झाडाखाली. १९६८ चं नोबेल निरेनबर्ग, हॉली आणि खोराना या तिघांना मिळालं. तलाठ्याच्या घरातल्या मुलाने पेशीतल्या नकलांची लिपी वाचावी, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण माझीही आधी गफलत झाली होती. लेन्सखाली मला दिसणारे निळे धागे म्हणजे प्रामुख्याने ते निरोप नव्हेत. पेशीतल्या एकूण आरएनएचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग रायबोसोममध्ये असतो. निरोपांचा वाटा जेमतेम काही टक्के. म्हणजे निळं दिसतं ते मुख्यत्वे वाचणारं यंत्र. आणि या यंत्राचं मर्म कळायला विसावं शतक संपावं लागलं. आधी सगळे समजत होते की रासायनिक कामं प्रथिनं करतात, आरएनए नुसता सांगाडा. १९८२ मध्ये थॉमस चेक यांना एका एकपेशीय जीवात असा आरएनए सापडला जो कुठल्याही प्रथिनाच्या मदतीशिवाय स्वतःचा तुकडा स्वतःच कापतो आणि सांधतो. सिडनी ऑल्टमन यांनाही दुसऱ्या एका आरएनएबद्दल असंच आढळलं. मग २००० साली रायबोसोमची रचना अणूपर्यंत दिसली, आणि जिथे अमिनो आम्लं एकमेकांना जोडली जातात त्या गाभ्यात प्रथिन नव्हतंच. तिथे फक्त आरएनए. या रचनेसाठी २००९ चं नोबेल ज्यांना मिळालं त्यांत चिदंबरमला जन्मलेले आणि बडोद्यात शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन होते. आपल्या अंगातलं प्रत्येक प्रथिन, केसापासून काळजाच्या स्नायूपर्यंत, आरएनएच्या हातून जोडलं गेलेलं आहे. म्हणून बरेच शास्त्रज्ञ मानतात की पृथ्वीवर डीएनए आणि प्रथिनं यांच्या आधी आरएनए असावा. लिहिणं आणि करणं ही दोन्ही कामं त्यालाच येतात.

मला सगळ्यात आनंद झाला तो वेगळाच एक धागा सापडल्यावर. हा शोधांचा इतिहास घडला त्याच्या मधोमध माझी रेटिक उभी आहे. शास्त्रज्ञांना अशी पेशी हवी होती की जी जवळजवळ एकच प्रथिन बनवते, भरपूर बनवते, आणि जिच्यात नव्या आज्ञांची लुडबुड नाही. ती म्हणजे रेटिक्युलोसाइट. सशांना औषध देऊन रक्तक्षय आणायचा, म्हणजे त्यांच्या रक्तात या कोवळ्या पेशींची गर्दी होते. सशांचं वाईट वाटतं, ते न लिहिता पुढे जाववत नाही. त्या पेशींवर १९६१ मध्ये हॉवर्ड डिंट्झिस यांनी प्रयोग केला. तापमान उतरवून विणकाम संथ केलं, थोडा वेळ किरणोत्सारी अमिनो आम्ल दिलं आणि पाहिलं की पूर्ण झालेल्या साखळ्यांमध्ये ते शेवटच्या टोकाशी आधी दिसतं. म्हणजे साखळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रमाने विणली जाते, तुकडे तुकडे करून नंतर जोडली जात नाही. दोन वर्षांनी अलेक्झांडर रिच यांच्या गटाने सशाच्या याच पेशींत पाहिलं की ग्लोबिनच्या एका निरोपावर एक नव्हे, बहुधा पाच रायबोसोम एकामागे एक लागलेले असतात. रोवणीला एका ओळीत बाया मागे सरकत जातात, तसं चित्र.

आणि १९७१ मध्ये जॉन गर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशाच्या कोवळ्या पेशींतला हा निरोप काढून बेडकाच्या अंड्यात टोचला. बेडकाच्या अंड्याने सशाचं हिमोग्लोबिन बनवलं. निरोप कुणाचा, वाचणारा कोण, याला काही अडथळाच नाही. कोविडच्या काळात एमआरएनए, म्हणजे निरोपाच्या आरएनएच्या, लशींची चर्चा सुरू झाली तेव्हा मला आधी ते बेडकाचं अंडं आठवलं. परका निरोप पेशीला द्यायचा आणि तिच्याकडून प्रथिन करून घ्यायचं, कल्पना तीच. फक्त माणसाच्या शरीराला परका आरएनए लगेच कळतो आणि दाह सुरू होतो. कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं की त्यातलं यू अक्षर किंचित बदललं तर ही ओरड थांबते. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीची अशीच लस २०२२ मध्ये मंजूर झाली, साध्या २ ते ८ अंशांच्या फ्रिजमध्ये राहणारी. आमच्यासारख्या गावांना हे २ ते ८ अंश फार मोलाचे. तिथे उणे ८० चा फ्रीझर कुठून आणणार?

फ्रीझर लागतो कारण आरएनए टिकत नाही. तो जास्तीचा ऑक्सिजन शेजारच्या सांध्यावर चाल करून साखळी आतूनच तोडतो. शिवाय आरएनए कापणारी एन्झाइम्स सगळीकडे असतात, आपल्या हाताच्या कातडीवर, घामात, धुळीत. कोविडमध्ये आम्ही स्वॅबच्या नळ्या बर्फाच्या डब्यात घालून नागपूरला पाठवत होतो ते यासाठीच. विषाणूचा आरएनए वाटेत विरघळला तर पॉझिटिव्ह माणूस निगेटिव्ह निघायचा. डीएनएचं तसं नाही. हजारो वर्षांच्या हाडांतून तो निघतो.

बरीच वर्षं मला हे आरएनएचं उणेपण वाटायचं. आता तसं वाटत नाही. जो निरोप कायम राहील तो त्रास देईल. जंतूंच्या पेशीत बहुतेक निरोप काही मिनिटांत नष्ट होतात, माणसाच्या पेशींत बरेचसे काही तासांत. म्हणून पेशीला मिनिटागणिक बेत बदलता येतो. ताप आला, उपास घडला, जखम झाली, की जुने निरोप आपोआप विरून जातात आणि नव्यांना वाट मिळते. आणि ग्लोबिनचा निरोप मात्र यातून मुद्दाम जपलेला असतो. अल्फा ग्लोबिनच्या निरोपाच्या शेवटच्या भागावर काही प्रथिनं घट्ट बसून त्याला कापणाऱ्यांपासून वाचवतात; तो एक दिवसाहूनही जास्त टिकतो. टिकायलाच हवा. पुन्हा सांगायला घरी कुणी नाही.

निरोप आहे म्हणून तो वाचलाच जातो असंही नाही. लोह कमी असलं की हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग, हीम, पुरेसा बनत नाही. अशा वेळी रेटिकमधलं एक एन्झाइम हे ओळखतं आणि रायबोसोमचं काम रोखतं. भाजीच झाली नाही तर पानं मांडून काय करायचं? नुसती ग्लोबिनची साखळी साठत गेली तर पेशीला घातकच. आमच्याकडे सहा हिमोग्लोबिन घेऊन येणारी गरोदर बाई असायची, पांढरी फटक, जिना चढताना धापा टाकणारी. तिला लोहाची इंजेक्शनं सुरू झाली की पुढच्या आठवड्यात ती पुन्हा रक्त द्यायला यायची. हिमोग्लोबिन जेमतेम हललेलं. नवरा विचारायचा, काही फरक नाही का? मी रेटिक लावायचे. आठवड्यापूर्वी शोधून सापडायचे ते धागे आता लेन्सच्या जवळपास प्रत्येक फील्डला दिसायचे, सहा टक्के, सात टक्के. रक्त वाढण्याआधी रक्ताची तयारी दिसते. मी त्याला सांगायचे, थांबा, चढणार आहे.

सिकलसेलमध्ये मात्र हेच जास्त धागे दुसरंच काही सांगतात. सिकलसेलचा बदल एका अक्षराचा. बीटा ग्लोबिनच्या निरोपात जिथे जीएजी हवं तिथे जीयूजी. पहिलं वाचलं की ग्लुटामिक आम्ल, दुसरं वाचलं की व्हॅलिन. सहाव्या जागी हा एकच मणी बदलतो, हे व्हर्नन इनग्रॅम यांनी पन्नाशीच्या दशकात केंब्रिजमध्ये शोधलं. त्या एका मण्यामुळे प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोरखंड होतात, पेशी विळ्यासारखी वाकते, अडकते, फुटते. इतरांची तांबडी पेशी १२० दिवस जगते, यांची दहा-वीस दिवस. मज्जा जिवाच्या आकांताने नव्या पेशी धाडत राहते, म्हणून यांचं रेटिक कायम चढं, दहा टक्के, बारा टक्के. आणि या सगळ्यात आरएनएची काहीच चूक नाही. त्याने मुळात लिहिलं होतं ते इमानाने आणून दिलं. रायबोसोमने इमानाने वाचलं. या इमानाचा मला कधी कधी राग आला आहे. आता डीएनएमध्ये नेमकी जागा गाठून बदल करणारा उपचार परदेशात मंजूर झाला आहे, आणि डीएनए कापणाऱ्या त्या कात्रीला जागा दाखवणारा वाटाड्यादेखील एक आरएनएच असतो. किंमत आपल्या आवाक्यातली नाही. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत देशी उपचारावर काम चालू आहे. माझ्या टेबलाशी आलेल्या मुलांपर्यंत तो पोचावा, याहून मोठं मागणं माझं नाही.

त्या मुलांतला एक आठ-नऊ वर्षांचा होता. तो अगदी लहान असल्यापासून मी त्याचं रक्त घेत आले होते. त्याचं हिमोग्लोबिन नेहमी आठच्या आसपास, रेटिक दहा-अकरा. एका पावसाळ्यात चार दिवस ताप येऊन गेला आणि आईने त्याला कडेवर घेऊन आणलं. एवढा मोठा मुलगा कडेवर. ओठ कागदासारखे. हिमोग्लोबिन ३.४ आलं. मी मशीनवर विश्वास न ठेवता पुन्हा लावलं, तेच. डॉक्टरांनी रेटिक सांगितलं. मी मनात धरून होते की पेशी भराभर फुटल्या असतील, तर धागे पंधरा-वीस टक्के दिसतील.

पहिल्या फील्डमध्ये एकही नव्हता. दुसऱ्यात नव्हता. शंभर पेशी झाल्या, दोनशे झाल्या. रंग बिघडला असेल म्हणून माझ्या स्वतःच्या रक्ताची स्लाइड केली, त्यात धागे होते. पुन्हा त्याच्या स्लाइडवर आले. हजार पेशी पूर्ण मोजल्या. एक नाही. कोऱ्या चकत्या, विळ्याच्या आकाराच्या पेशी, आणि निळं काहीच नाही. इतकी शांत स्लाइड मी कधी पाहिली नव्हती. रिपोर्टवर शून्य लिहिताना माझा हात अडला. डॉक्टर म्हणाले, पार्वोव्हायरस असणार. मज्जेतल्या नेमक्या त्या पेशी हा विषाणू मारतो ज्यांच्यापासून तांबड्या पेशी व्हायच्या असतात. साध्या मुलाला कळतही नाही, त्याच्याकडे १२० दिवसांची पुंजी असते. याच्याकडे दहा-वीस दिवसांची. आठवडाभर पाठवणी थांबली की रक्त संपत येतं.

त्याला रक्त चढवलं. हिमोग्लोबिन सातवर आलं, पण ते दुसऱ्याचं. साठवलेल्या रक्तातल्या पेशी बहुतेक पिकलेल्या, कोऱ्या. म्हणजे आता काचेवर धागा दिसला तर तो त्याचा स्वतःचा असणार होता. मी दर दिवसाआड स्लाइड करत होते. शून्य. शून्य. आई दारात येऊन उभी राहायची. “काय दिसून राहिलं ताई?” मी म्हणायचे, अजून नाही. एकदा तिने विचारलं, नेमकं काय बघता? मी दुसऱ्या एका रुग्णाची स्लाइड लावून तिला लेन्सला डोळा लावायला सांगितलं. तिने बराच वेळ पाहिलं. निळं जाळं तिला दिसलं. हे मुलाच्या रक्तात यायला पाहिजे, असं मी सांगितलं. आरएनए हा शब्द मी वापरला नाही. “निरोप आहेत,” म्हटलं, “हाडांतून येणारे.”

आठव्या दिवशी सकाळी पाऊस कोसळत होता. वॉटर बाथमधून ट्यूब काढली, स्मिअर ओढला, पंख्याखाली वाळवला. दोन फील्ड रिकामे. तिसऱ्यात कडेला एक मोठी, जराशी निळसर पेशी, आणि तिच्यात इतकं दाट जाळं की आतली जागा दिसेना. स्क्रू हलवून मी ती स्पष्ट केली. चौथ्या फील्डमध्ये दोन होत्या. मग मी मोजणं सोडून दार उघडलं. ती बाहेर बाकावर बसली होती, पदराने ओलं डोकं पुसत. मी काही बोलायच्या आत ती उठून आत आली, स्टुलावर बसली आणि एक डोळा मिटून लेन्सला दुसरा लावला.

“हे निळं याचंच हाय ना वो?” तिने विचारलं.

“त्याचंच,” मी म्हटलं.

ती उठेना. पावसामुळे बाहेर कुणी नव्हतं, मीही तिला उठवलं नाही. मागच्या टेबलाशी उभी राहून ट्यूबवरच्या चिठ्ठीवर तारीख लिहिली.